एकट्याला झेपेल असा

लेअर, ११ फेब्रुवारी

प्रिय इम्के,

तू बरी असशील, थेडाही बरी असेल. नाताळच्या फोनवर म्हणालीस की ती आता काठीशिवाय चालते. तुझ्या बहिणीचा पाय वेळेत बरा झाला, ऐकून आनंद झाला. तिला माझा नमस्कार सांग.

पत्रास कारण असं की नवा साप घ्यायचं मनात आहे, आणि तुला विचारल्याशिवाय मी आजवर या घरात साधी पालसुद्धा आणलेली नाही.

इकडे सगळं ठीक आहे. वारा नेहमीचाच. पाद्री मजेत आहे. हल्ली दिव्याखाली बसून सकाळभर मान डोलवतो. तू त्या सरड्याचं नाव अगदी बरोबर ठेवलंस. रविवारी चर्चमध्ये खऱ्या पाद्र्यांनी तशीच मान डोलवली आणि मला हसू आवरेना. शेजारच्या बाकावरून वियार्डची बायको गेशे डोळे वटारून बघत होती. फ्रीडानं गेल्या आठवड्यात कात टाकली. अख्खी निघाली, शेपटीच्या टोकापर्यंत, कुठे फाटली नाही. तुला दाखवायला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे.

फ्रीझरमध्ये मटार आणि उंदीर एकाच कप्प्यात आलेत हे आधीच सांगून टाकतो. बोलणारं कोणी नसलं की माणूस असाच बिघडतो.

आता अगाथाचं. अगाथा गेली. म्हणजे मेली नाही, घाबरू नकोस. नोव्हेंबरातच तिला हॅनोव्हरकडच्या एका सर्पोद्यानात दिलं. तुला फोनवर सांगणार होतो, पण तू थेडाच्या व्यायामाबद्दल बोलत होतीस आणि मग राहूनच गेलं. आपल्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळाचा नियम तुला मी काय सांगणार? तीन मीटरच्या वरचा साप असेल तर पेटी उघडताना खोलीत दुसरं माणूस हवंच. तू गेल्यावर वियार्ड यायचा, दर शनिवारी. येऊन शेपटीकडे उभा राहायचा खरा, पण त्याची कंबर धरलेली, आणि लक्ष सगळं चहाकडे. तू तिथे उभी असायचीस तेव्हा "सावकाश" एवढंच म्हणायचीस. वियार्ड मासेमारीबद्दल बोलतो. एकदा अगाथानं माझ्या दंडाला दोन वेढे दिले आणि हा कोळंबीचे भाव सांगत होता. शेवटी त्यानंच तोंड वाकडं करून सांगितलं की फोल्केर्ट, हे काही खरं नाही. आणि खरंच खरं नव्हतं. तिकडचे लोक दोघे तिघे आले, तिला पोत्यात घातलं, मी तिच्या डोक्याशी होतो. ती गेली. मोठ्या पेटीतले दिवे मी काढून टाकले. बैठकीची खोली इतकी अंधारी आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणून आता मध्यम साप. दीड मीटर, फार तर पावणेदोन. यावर गावाचं एकमत आहे, सापाच्या जातीवर मात्र नाही. वियार्ड म्हणतो गालिचा अजगर घे, दिसायला देखणा; पण तो चावरा असतो, आणि या वयात मला घरात कुणी डूख धरणारं नको. राजसाप नको, तो फ्रीडाला खाऊन टाकायला बघेल. गोळा होऊन बसणारा अजगर गरीब असतो, सगळे तोच सुचवतात, पण तो रुसला की महिनेच्या महिने जेवत नाही. भरल्या घरात कुणी उपाशी बसलेलं मला बघवणार नाही. गेशे म्हणते मांजर घे. तू काय म्हणतेस?

मार्चमध्ये हॅमला सापांचा बाजार आहे. वियार्डची गाडी जाणार आहे आणि मागची सीट रिकामी आहे. थेडाच्या फ्रायबुर्गहूनही तिकडे बरी गाडी आहे, बदलावी लागत नाही, असं वियार्ड म्हणत होता. मी काही पाहिलेलं नाही. थर्मास मी मोठाच घेईन.

तुझा,
फोल्केर्ट

ता. क. शिवणखोलीला हात लावलेला नाही.


लेअर, १६ मार्च

प्रिय इम्के,

तुझं कार्ड मिळालं. त्यावरचे डोंगर छान आहेत. कार्डाच्या मागच्या बाजूला तू लिहिलंस: "मध्यमच घे. एकट्याला झेपेल असा." खाली तुझं नाव. दोनच ओळी, पण मी त्या आठवडाभर वाचत होतो. तू सापाबद्दल लिहिलं होतंस हे मला कळतं. तरी "एकट्याला" हा शब्द काही केल्या पचेना. मग कार्ड पाद्र्याच्या पेटीवर टेकवून ठेवलं. तो त्याच्याकडे बघून मान डोलवतो, त्याला पटलेलं दिसतं.

बाजाराला जाऊन आलो. तू आली नाहीस. मी फलाटावर बघायला गेलो नव्हतो, वियार्डला सिगारेट घ्यायची होती म्हणून स्टेशनावरून गेलो, एवढंच.

आता जे झालं ते सांगतो, कारण कदाचित तुझ्या कानावर येईल आणि मला ते आधी माझ्याकडून यायला हवं आहे.

बाजार नेहमीसारखाच. झाकणाला भोकं पाडलेले डबे, त्यात वेटोळी, आणि डब्यांवर वाकलेली मंडळी एकमेकांना ढकलत. मी मध्यमच तेवढे बघत चाललो होतो, तुझ्या सल्ल्याप्रमाणे, अगदी शहाण्यासारखा. शेवटच्या रांगेत कासेलच्या हाइडेमानबाई बसल्या होत्या. तू त्यांना ओळखतेस, लोकरीची टोपी घालून विणत बसतात त्या. त्यांच्याकडे रंग पालटणारे, बोआ जातीचे मध्यम साप होते, तेच बघायला मी थांबलो. पण शेजारच्या डब्यात अगाथाच्या जातीचं पिल्लू होतं. मादी. माझ्या हाताएवढी लांब, तीच जाळी अंगावर, आणि डोकं उचलून ती माझ्याकडे बघत राहिली. अगाथा आपल्याकडे आली तेव्हा एवढीच होती आणि तू तिला स्वेटरच्या बाहीत घालून घरभर फिरायचीस. माझा पाय तिथून निघेना.

मी विचारलं, ही देणार का. बाईंनी सुया खाली ठेवल्या.

"देईन की. पण पाच वर्षांनी हिची पेटी उघडाल तेव्हा शेपटीकडे कोण उभं राहणार?"

"माझी बायको," मी म्हणालो.

इम्के, मी क्षणभरही अडखळलो नाही. मलाच नवल वाटलं. त्यांनी तुझं नाव विचारलं, सांगितलं. आज का आली नाही, तर म्हणालो बहिणीकडे गेली आहे. हेही खरंच. बाई म्हणाल्या, मोठ्या जातीचं पिल्लू त्या दुसऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय कुणाला देत नाहीत. संध्याकाळी तुला फोन करतील, तू हो म्हणालीस की पिल्लू माझं. मी थेडाच्या घरचा नंबर दिला. त्यांनी तो स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला.

मग मी वियार्डला शोधून काढलं आणि आम्ही सॉसेज खायला बसलो. मी त्याला सांगितलं, कारण मला कुणालातरी सांगायचंच होतं. त्याचा चेहरा असा उजळला की बस.

"इम्के येतेय? लेका, मला बोलला कसा नाहीस? गेशे केक करेल."

मी सॉसेज खाली ठेवलं. तू गेलीस त्या दिवशी लेअरच्या स्टेशनावर म्हणालीस ते मला आठवलं. तू विसरली असशील, मी नाही विसरलो. "तुला दुसरं माणूस हवंय, फोल्केर्ट. ते मीच असायला हवं असं कुठे आहे?" मी त्यावर म्हणालो होतो की शनिवारी अगाथाचं जेवण आहे, तोवर ये. तू हसलीस, खिडकी लावून घेतलीस. मला वाटलं, हसलीस म्हणजे येशील.

आता मी काय करत होतो? एक परकी बाई संध्याकाळी तुला फोन करून विचारणार होती की तुम्ही शेपटीकडे उभ्या राहाल का. आणि मी इथे बसून जीव टांगणीला लावून वाट बघणार होतो, तू सापाला हो म्हणतेस का. तुला ते पिल्लू नाकारता आलं नसतं. मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी नंबर दिला होता. तू त्या अगाथासारख्या पिल्लासाठी आली असतीस. मग दर शनिवारी मी तुझ्याकडे बघून हाच विचार केला असता, ही कुणासाठी उभी आहे.

सॉसेज तसंच टाकलं आणि परत गेलो. म्हटलं, बाई, तो नंबर पुसून टाका.

"का? बायको नाही?"

"आहे. फ्रायबुर्गला आहे. परत येईल की नाही, मला माहीत नाही."

त्यांनी अंगठा ओला करून तळहात पुसला. "बरं झालं आत्ताच सांगितलंत. फोनवर बायका मला सगळं खरं सांगतात. मग मलाच रात्रभर झोप लागत नाही."

पिल्लाचा डबा त्यांनी टेबलाखाली सरकवला, मला दिसू नये म्हणून. आणि मग आम्ही बोआ बघितले. घाईनं नाही, पद्धतशीर. एकेक हातात घेतला, डोळे बघितले, तोंड बघितलं, तू करायचीस तसा पांढरा रुमाल अंगावरून फिरवला आणि किडा लागलाय का पाहिलं. रुमाल तुझाच होता, कोटाच्या खिशात राहिलेला. एक होता मातीच्या रंगाचा, अगदी साधा, बाकीच्यांच्या मानाने कुणी वळून बघणार नाही असा. त्याला खिडकीपाशी नेलं आणि अंगभर निळं हिरवं सळसळलं. सावलीत आणला की पुन्हा माती. हाच घेतला. वियार्ड म्हणाला, एवढा बाजार पालथा घालून मातकट साप? मी म्हटलं, उजेडात बघ. तो म्हणाला, लेअरमध्ये उजेड असतो कधी?

येताना तो कापडी पिशवीत माझ्या कोटाच्या आत होता, पोटाशी, गारठू नये म्हणून. वियार्डला न सांगताच कळलं होतं. ओल्डेनबुर्गच्या पुढे एकदाच म्हणाला की गेशेला सांगतो केक राहू दे. मी म्हटलं, करू दे, मी खाईन. त्यांच्याकडे चहाला थांबलो. पुरे झालं हे कळावं म्हणून कपात चमचा ठेवायचा, तो मी विसरलो आणि गेशे ओततच राहिली. थांब म्हणायचं भान नव्हतं.

नवा साप तीन महिने बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा असतो. घरात दुसरी ऊबदार खोली म्हणजे तुझी शिवणखोली. तिथे नाही ठेवला. मी झोपतो तिथेच ठेवला आहे, खिडकीखाली. रात्री तो ओल्या शेवाळात सरकतो तो आवाज येतो, आणि खोलीत कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं. पहिल्या रात्री मी तुझं नाव घेतलं. झोपेत होतो, पण घेतलं.

इम्के, आता लिहितोच. हा साप एकट्याला झेपतो. पाणी मी बदलतो, फवारा मी मारतो, उचलतो मी, उंदीरही एका हातानं पुढे धरता येतो. तू लिहिलं होतंस तसाच आहे. पुढची पंधरा वर्षं त्याच्यासाठी शेपटीकडे कुणी उभं राहायची गरज नाही. या घरातली प्रत्येक पेटी मी आता एकटा उघडू शकतो. दुसरं माणूस या घराला लागत नाही. मला तू हवी आहेस.

अगाथाची पेटी मी काल मोडून काढली. खिडकी पूर्ण मोकळी झाली आणि दुपारी तिथे चांगला उजेड येतो. तुझं शिवणयंत्र तिथे शोभेल असं मनात आलं. पण त्या खोलीला हात लावायचा नाही असं मी लिहून बसलोय, त्यामुळे ते आहे तिथेच आहे. तू सांगशील तसं.

सापाचं नाव ठेवलेलं नाही. आपल्याकडे नावं तू ठेवतेस.

वाट पाहणारा, आणि या वेळी ते लिहून टाकणारा,
फोल्केर्ट