त्र्याण्णव टक्के अभिदादा

चौबे कॉलनी, रायपूर
११ जून २०२५

प्रिय अभिदादा,

नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तू कसा आहेस आणि कुठे, हे बारा वर्षांत कळलेलं नाही, त्यामुळे पत्रातलं नेहमीचं पुढचं वाक्य मला लिहिता येत नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि आता घरातल्या घड्याळांवर ड्युटी करतात. आईचे गुडघे दुखतात. तू गेलास तेव्हा मी नऊची होते, आता एकवीसची आहे. अक्षर ओळखू आलं नाही तर खालचं नाव आधी वाच.

बातमी अशी की मला फेलोशिप मिळाली आहे. देशाच्या सुरक्षेचं तंत्रज्ञान, कॉलेजच्या मुलांसाठी, उन्हाळ्याचे आठ आठवडे. शिकवतात आणि वर पैसेही देतात. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "शिकाले पैसे आपण भरतो का तेच देऊन राहिले?" मग शेजारी जाऊन सांगून आले की पोट्टी सरकारी कामावर लागली.

काम नव्या रायपूरला आहे. आम्ही एका यंत्राला माणूस चालीवरून ओळखायला शिकवतो. आमच्या प्रमुख सोनिया मॅडम म्हणतात, तोंडाला गमछा बांधता येतो, चालीला बांधता येत नाही. शहरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण आम्हाला तीन दिवसांनी मिळतं. त्यात चेहरे नसतात, कपडे नसतात. यंत्र प्रत्येक माणसाची नुसती काळी आकृती करतं, आणि लहान-मोठ्या सगळ्या आकृत्या एकाच उंचीच्या करून घेतं. मग दिवसभर त्या चालतात आणि आम्ही बघतो. आठवडाभरानं रस्त्यावरची खरी माणसंसुद्धा तशीच दिसायला लागतात.

आता मुद्द्याचं. सरावासाठी प्रत्येकानं ओळखीच्या पाच माणसांच्या चालण्याचं चित्रण द्यायचं होतं. चार दिली. पाचवं म्हणून नागपूरच्या लग्नातलं तुझं दिलं, वरातीत पुढे चालतोस ते. सायकलवरून पडून मोडलेला तुझा डावा पाय त्यात छान दिसतो, किंचित बाहेर पडणारा. संमतीच्या कागदावर तुझी सही मीच केली. पकडली गेले तर फेलोशिप संपली.

दादा, यंत्राला तू सापडलास.

एकतीस मे, संध्याकाळी सहा चाळीस, गोलबाजार, भांड्यांची गल्ली. आकृतीवर चौकट आली आणि शेजारी आकडा: त्र्याण्णव टक्के. कुकरचं झाकण बदलायला मीही त्याच आठवड्यात तिथे गेले होते, आपली चुकामूक झाली असेल. तेव्हापासून मी रोज तिथे आणि इतरत्रही तुला शोधत हिंडते. तू मात्र पुढेच जातोस. चार जूनला स्टेशन. पाच जूनला ब्राह्मणपारा. सातला आपल्या कॉलनीचा कोपरा. दर वेळी घराच्या जवळ, आणि दर वेळी माझी पाठ वळल्यावर.

आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

घाई यासाठी की बावीस तारखेला, रविवारी, बारा वर्षं पूर्ण होतात. बाबांनी गुरुजींना विचारलं आहे. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. महादेव घाटावर, सकाळी नऊला. त्यानंतर तू आमच्यासाठी गेलेला असशील आणि तुझं श्राद्ध होईल. त्याआधी ये. येता येत नसेल तर दोन ओळी पाठव, बाबांना दाखवायला.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र गोलबाजारात भैय्यालालकडे ठेवते. आई त्यांच्याकडूनच भांडी घेते. ओळख पटायला मी त्यांना दुकानासमोर तुझ्यासारखं चालून दाखवलं. "हव, समझ गया," म्हणाले, आणि पत्र परातींच्या मागे खोचलं.

तुझी
मीनल


२० जून २०२५

प्रिय अभिदादा,

पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी बरोबर लिहिल्या नाहीत. आधी तेवढं निस्तरते.

एक म्हणजे, आईला मी सांगितलं होतं. सात तारखेचं चित्रण बघितलं त्याच संध्याकाळी सांगितलं. ती उठली आणि पुढच्या दाराची कडी काढून आली. तेव्हापासून कडी लागलेली नाही. पुतळ्याच्या विधीला बसणार नाही म्हणते. "माह्या पोराले जितेपणी जाळता काहून?" असं तिनं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मी एकटा जाईन." 

दुसरं जास्त वाईट आहे. सोमवारी माझ्या शेजारी बसणारा सार्थक तुझ्या आकृत्या बघत होता. मग त्यानं मला ऑफिसच्या लांबलचक व्हरांड्यातून चालायला लावलं आणि मोबाइलवर टिपलं. यंत्रात घातलं. त्र्याण्णव टक्के.

"दीदी, ये तो आप ही हो," तो म्हणाला.

कुकरचं झाकण मी एकतीस मेलाच बदललं होतं. पावती पर्समध्ये निघाली. तुझा पाय मोडला तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि दिवसभर तुझ्या मागे तुझ्यासारखी लंगडत फिरायची. आई ओरडायची, "पोट्टी, पाय वाकडा पडेल." तो पडला, आणि माझा मला कधी कळला नाही. स्वतःला पाठमोरं कोण बघतं? तुला शोधायला मी जिथे जिथे गेले, तीन दिवसांनी तिथे तिथे तू दिसलास. घराच्या जवळ येत होती ती मीच होते.

हे त्याच दिवशी आईला सांगायला हवं होतं. जमलं नाही, कारण न सांगण्याची मला जुनी सवय आहे, आणि ती तूच लावलीस. तू गेलास त्याच्या आदल्या रात्री बाबा तुला पुन्हा रेल्वेच्या परीक्षेवरून बोलले होते. सकाळी तू पिशवी घेऊन स्टेशनला निघालास आणि मी कोपऱ्यापर्यंत मागे आले. "कोणाले सांगू नको, मी येतोच संध्याकाळी," म्हणालास. मी संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. आई विचारत होती, बाबा ब्राह्मणपाऱ्यात तुझ्या मित्रांच्या घरी फिरत होते, आणि मी अंगणात तुझ्यासारखी चालत होते. दुपारी तोंड उघडलं असतं तर तू स्टेशनवर सापडला असतास. आजपर्यंत हे घरात कोणालाही माहीत नाही.

म्हणून आज ठरवलं होतं की पत्र परत घ्यायचं आणि घरी जाऊन सगळं सांगायचं. निघण्याआधी शेवटचं म्हणून मंगळवारचं, सतरा तारखेचं चित्रण उघडलं. गोलबाजार, भांड्यांची गल्ली, सहा चाळीस. आकृतीवर चौकट. नव्याण्णव टक्के.

मंगळवारी साडेसातपर्यंत आम्ही सगळे सोनिया मॅडमसमोर बसलो होतो. सार्थकही. माझं कार्ड गेटवर सात अडतीसला लागलं आहे.

मी गोलबाजारात गेले. परातींच्या मागे काही नव्हतं.

"चिट्ठी तो मंगल को ही ले गया, दीदी," भैय्यालाल म्हणाले. "वही चाल थी, जो आपने दिखाई थी."

कसा दिसत होता, म्हणून विचारलं.

"मुँह पे गमछा था. बोला कुछ नहीं. लड़का था, बीस-बाईस का."

वय नक्की का, असं मी पुन्हा विचारलं. ते जरा चिडले. "हव. मेरे छोटे के बराबर."

दादा, तू बावीसचा असताना गेलास. आज तू चौतीसचा आहेस.

घरी आले. आई दारातच होती. तिला मंगळवारचं विचारलं. सातच्या सुमारास पायरीवर पाय वाजला, म्हणाली. "मले वाटलं तूच आलीस. तोच डावा पाय. आवाज दिला तर कोणी नाही." मी त्या दिवशी नऊला घरी पोचले होते. मी हसले आणि मला भूक नाही असं सांगितलं.

मला भीती वाटते. अंगणात जायला वाटते, आणि स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकायला जास्त वाटते.

हे पत्र उद्या त्याच परातींच्या मागे ठेवीन. तू चौतीसचा असशील, आणि भैय्यालालची नजर चुकली असेल, तर रविवारी नऊच्या आत ये. दाराला कडी नाही. बाबा रागावतील आणि मग रडतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

बावीसचाच असशील, तर घरी येऊ नकोस. आईनं बारा वर्षं ज्याची वाट पाहिली तो तिला असा दिसू नये. सरळ घाटावर ये, मी बाबांच्या शेजारी उभी असेन. पुतळ्याला अग्नी दिला की जा. या वेळी मी कोपऱ्यावर थांबेन आणि तू गेलास हे लगेच, सगळ्यांना सांगेन.

तुझ्याच पायानं चालणारी,
मीनल