रजा मंजूर होईपर्यंत

मंगळवार, ५ जुलै २००५

कालची सुट्टी संपली, आज पुन्हा हजर. एवढ्या मोठ्या शाळेत लूर्दस आणि मी, आणि फरशीला मेण लावायचं ते घरघरणारं मशीन. वर्गातल्या खुर्च्या बाकांवर उलट्या घालून ठेवल्यात. ए.सी. बंद. मुलं नाहीत तर ए.सी. कशाला, असं म्हणे. आम्ही कोण मग?

समर स्कूलचा इंग्रजीचा वर्ग पुरेशी मुलं आली नाहीत म्हणून रद्द झाला. इथल्या शिक्षकांचं वर्ष जूनमध्येच संपतं, ते सगळे समुद्रावर. आम्हा दोघींना एजन्सीने परदेशातून आणलं आणि करारात जुलै घातला, म्हणून वर्ग असो-नसो, आठ ते दोन आम्ही ‘अव्हेलेबल’ असायचं. कोणासाठी, ते करारात नाही.

लू. दुसऱ्या बाकावर पाय टाकून पत्ते लावत होती. मी शब्दकोडं. दोन वाजता तिच्याच गाडीतून घरी. दिवस संपला.

बुधवार, ६ जुलै

रजेचा अर्ज लिहिला. ‘आय बेग टू स्टेट’ पासून ‘युवर्स ओबीडियंटली’ पर्यंत, स्वच्छ अक्षरात, समास सोडून. लहानपणच्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांनी पाहिला असता तर खूश झाल्या असत्या. २१ जुलैपासून महिनाअखेरपर्यंत रजा, कारण मुलीचं बाळंतपण. शेवटी ओळ घातली: मंजुरी कृपया लेखी कळवावी.

मधूची तारीख तीस. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिचं माहेर म्हणजे एडिसनमधली माझी भाड्याची एक खोली, तेव्हा माहेर बॅगेत भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मधूच्या घरी बॉथेललाच न्यायचं. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, सगळं ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून आणून ठेवलंय. फक्त तिकीट काढलेलं नाही. रजा मंजूर झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही हा पुण्यातला तीस वर्षांचा शिरस्ता. हे चेष्टा करायचे. म्हणायचे, तुला स्वर्गात न्यायला आले तरी तू आधी हेडमिस्ट्रेसची सही आणायला जाशील. स्वतः मात्र न विचारता गेले.

गुरुवार, ७ जुलै

प्रिन्सिपॉल दिसले एकदाचे. अर्धी चड्डी, हातात मासे पकडायचा गळ. कपाटातून काहीतरी न्यायला आले होते. मी उठून उभी राहिले, अर्ज दिला. त्यांनी दोन ओळी वाचल्या, हसले, खांद्यावर थोपटलं. गो बी अ ग्रँडमा, आपण बघू काय ते. आणि गेले.

लू. म्हणाली, झाली रजा मंजूर. मी म्हटलं, या शुभेच्छा झाल्या, मंजुरी नाही. सही कुठंय? तिने कपाळावर हात मारला. तिचंही शिक्षण तिकडे तिच्या देशात, इलोइलोला, नन्सच्याच शाळेत, पण ती त्यांच्याकडून दुसरंच काही शिकलेली दिसते.

शनिवार, ९ जुलै

मधूचा फोन. तिकीट काढलंस का, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं. मग सुरू झाली. आई, ही इंडिया नाहीये, इथे कोणी अर्ज-बिर्ज करत नाही, यू जस्ट टेल देम. मी म्हटलं, सप्टेंबरात माझं कंत्राट आणि व्हिसा दोन्ही पुन्हा त्यांच्याच हातात आहेत. व्हिसा गेला तर नातवंडाला मी फोटोत बघायचं. त्यावर, ओके, रिलॅक्स, आम्ही डूला ठरवलीये, नसलीस तरी मॅनेज होईल.

डूला म्हणजे बाळंतपणात शेजारी थांबायला ठेवलेली बाई. मधूच्या सासूबाई ऑगस्टशिवाय निघू शकत नाहीत. म्हणजे मी नसले तर पोरीच्या उशाशी ती डूला. मॅनेज होईल म्हणे.

सोमवार, ११ जुलै

काही नाही. अक्षरशः काही नाही. खिडकीबाहेर एक माणूस गवत कापत होता, त्याला तरी काम आहे याचा हेवा वाटला.

दुपटं शिवायला घेतलं. आईच्या लुगड्याचा उरलेला तुकडा आतून, आणि बाहेरून माझी फिकट निळी सुती साडी, जी नेसून शेवटची पाच वर्षं शिकवलं. धुऊन धुऊन सायीसारखी झालीय. बाळाला पहिलं कापड जुनंच हवं. लू.ला दाखवलं. गालाला लावून बघत राहिली. म्हणाली, इथल्या दुकानात एवढं मऊ काही मिळत नाही.

टाके घालताना सिस्टर फिलोमिनांचा शिवणाचा तास आठवला. रिकामा वर्ग, मेणाचा वास, तोही असाच, शाळेच्या चॅपलमधला. दोरा दातांनी तोडला की पट्टी बसायची. दात अन्नासाठी आहेत, दोऱ्यासाठी कात्री. माझी छोटी कात्री अजून फितीला बांधलेली असते. आजतागायत एकदाही दात लावलेला नाही.

मंगळवार, १२ जुलै

शाळेची सेक्रेटरी, डॉना, मंगळवार-गुरुवारीच येते. विचारायला गेले. अर्ज मिळाला म्हणाली. पण मी ‘लेखी’ मागितलं होतं ना, आणि लेखी द्यायचा अधिकार प्रिन्सिपॉलना उन्हाळ्यात नसतो, म्हणून त्यांनी तो वर डिस्ट्रिक्ट ऑफिसला पाठवला. मला हनी म्हणाली आणि पुढे म्हणाली की असं आजवर कोणी मागितलंच नव्हतं.

मला बरं वाटलं. वाटलं, चला, कागद योग्य ठिकाणी गेला.

गुरुवार, १४ जुलै

डिस्ट्रिक्ट ऑफिसातून वर्गात फोन. एक बाई, आवाज गोड. समरमध्ये मी कोणता वर्ग घेते? मी म्हटलं, कोणताच नाही, वर्ग रद्द झाला. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग, तुम्ही रोज तिथे काय करता? काय सांगणार? बसते म्हटलं. आणखी कोणी बसतं का? मी लूर्दसचं पूर्ण नाव सांगितलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

फोन ठेवून वळले तर लू.च्या हातातले पत्ते तसेच. ती म्हणाली, “तुला त्यांनी माझं नाव विचारलं होतं का?”

आणखी कोणी आहे का विचारलं होतं. नाव मीच दिलं.

शुक्रवार, १५ जुलै

सकाळी गाडीत रेडिओ मोठ्याने.  मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुपारी मायक्रोवेव्हमध्ये तिने सुकी मासळी तापवली, मुद्दाम जास्त वेळ. सगळा मजला घमघमला. मग बोलली. गेल्या जुलैत तिच्या बहिणीचं लग्न होतं सॅन डिएगोला. आठवडाभर गेली होती. कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

पण गेल्या जुलैत तर तिला फ्लू झाला होता. मी तिच्या दाराशी मऊ भाताचा डबा ठेवून आले होते. डबा आठवड्याने घासूनपुसून परत आला आणि ती काळवंडलेली दिसत होती, मी म्हटलं तापाने सुकलीय. तो समुद्रावरचा टॅन होता. भात कोणी खाल्ला देव जाणे.

संतापले. मग हसू आलं. ती हसली नाही. तिचा मुलगा तिकडे कॉलेजात आहे, सगळा हिच्यावर. तीही सप्टेंबरच्याच रांगेत. म्हणाली, आपण इथे कोणाला दिसत नव्हतो म्हणून सुरक्षित होतो. तू दिवा लावलास.

 मी फक्त रजा मागितली होती.

रविवार, १७ जुलै

दुपट्याच्या दोन कडा झाल्या. मधूने दोनदा फोन केला, मी बाहेर होते. परत केला तर निखिलने उचलला. जावई नागपूरचे, शांत. “आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका, ती झोपलीय.” पाय फार सुजलेत म्हणाले. सुजतात, मी म्हटलं. मधूच्या वेळी माझेही सुजले होते. पण तेव्हा माझी आई रोज संध्याकाळी कोमट तेल लावायला बसायची.

सोमवार, १८ जुलै

उत्तर आलं. लेखी. मागितलं होतं तसं, लेटरहेडवर.

समर करारात रजेची तरतूद नाही. शिवाय आम्हा दोघींच्या ‘उन्हाळी कामाच्या स्वरूपाचा आढावा’ घेण्यासाठी गुरुवारी २१ तारखेला दहा वाजता ऑफिसात हजर राहावं. गैरहजेरी पुढच्या करारासाठी विचारात घेतली जाईल.

प्रिन्सिपॉलना फोन केला. ते तळ्यावर. त्यांचा सूर दुखावलेला. म्हणाले, मी तुम्हाला जा म्हटलं होतं ना? तुम्ही गेला का नाहीत?

काय चीड आली. त्यांची नव्हे. हो, त्यांचीही. या देशात नाही कोणी म्हणत नाही, हो कोणी लिहून देत नाही, आणि लिहून मागितलं की नाहीच मिळतं. आमच्या शाळेत हेडमिस्ट्रेस तोंडावर नाही म्हणायच्या. रडायला यायचं, पण निदान कुठे उभे आहोत ते कळायचं.

लू.ने पत्र वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. दिवसभर पत्ते काढले नाहीत. आम्ही पुस्तकांच्या खोलीत जाऊन फाटक्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावल्या. गुरुवारच्या मीटिंगमध्ये काय काम केलं विचारलं तर सांगायला. दोघींच्या डोक्यात एकच आलं, न बोलता. नन्सच्या मुली.

मंगळवार, १९ जुलै

अकराच्या सुमारास निखिलचा फोन. मधूचं ब्लडप्रेशर वाढलंय, ॲडमिट करून घेतलंय. तीसपर्यंत थांबता येणार नाही, गुरुवारी सकाळी कळा सुरू करायचं औषध देणार. डॉक्टर घाबरण्यासारखं नाही म्हणतात, पण... वाक्य पूर्ण केलं नाही त्यांनी.

मी विचारत होते, बी.पी. किती, लघवीची तपासणी केली का. मध्येच त्यांच्या हातून फोन तिने घेतला. मला वाटलं, आता डूलाचं सांगेल, मॅनेज होईल म्हणेल.

“आई, ये ना गं.”

एवढंच. लहानपणी शाळेच्या दारात माझा पदर धरून म्हणायची तसं. मग रडायला लागली आणि निखिलने फोन घेतला.

गुरुवारच. दोन्ही गुरुवारी. मी वर्गात तशीच उभी. लू. समोर. तिला सगळं कळलं होतं, मराठी न येता.

मी म्हटलं, डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करते, मीटिंग पुढे ढकलता येते का विचारते.

ती म्हणाली, “नो. आता तू कोणालाही काहीही विचारणार नाहीस.” माझ्या हातातला रिसीव्हर घेऊन तिने जागेवर ठेवला. मग लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून तिनेच माझं तिकीट काढलं. मी मागे उभी राहून जन्मतारीख सांगत होते.

बुधवार, २० जुलै

नेवार्क विमानतळ. गेटपाशी बसून लिहितेय. विमान तासभर उशिरा.

आज शाळेत गेलेच नाही. लू.ही नाही. तिने सोडायला आणलं. वाटेत मी तिला म्हणत होते की उद्या सगळा दोष माझ्यावर घाल, अर्ज माझा होता, तुला काही माहीत नव्हतं. ती रस्त्यावर नजर ठेवून ऐकत होती. मी म्हटलं, मी कुठे आहे विचारलं तर काय सांगशील?

“बाथरूमला गेलीय म्हणेन.”

आणि परत नाही आली तर?

“फ्लू झालाय म्हणेन. आणि मी तिच्या दाराशी भात ठेवून आलेय.”

तेव्हा हसलो दोघी. सामान उतरवताना तिने मला घट्ट धरलं, फार वेळ. अंगाला थोडा मासळीचा वास. उद्या दहा वाजता ती एकटी त्या टेबलाशी बसेल. माझ्यामुळे. तिचा मुलगा, तिचं घर, सगळं त्या तासावर. तिने तसं काही म्हटलं नाही, आणि मला ते जास्त लागलं. मी शब्द दिलाय की तिचं काही बिघडलं तर परत येऊन मी स्वतः ऑफिसात जाऊन... काय करीन? अर्ज?

तपासणीत कात्री काढून घेतली. कोवळा मुलगा होता, सॉरी मॅम म्हणाला आणि फितीसकट डब्यात टाकली. सुई चालते, कात्री नाही. मी वाद घातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाशी वाद घातला आणि तो कशासाठी, तर बोटाएवढ्या कात्रीसाठी. मागची माणसं खोळंबली.

निखिलचा आताच फोन झाला. प्रेशर तसंच आहे. सकाळची वाट बघतायत. मी रात्री उशिरा पोहोचेन, विमान आणखी रखडलं नाही तर. मधूला फोन दिला नाही त्यांनी, मीही मागितला नाही.

नोकरीची तीस आणि इथली तीन वर्षं. रजा मंजूर नसताना आज पहिल्यांदा गैरहजर. सारखं वाटतंय, कोणीतरी माईकवर माझं नाव पुकारेल आणि म्हणेल, परत या. पुकारतायत खरं, पण दुसऱ्याच कोणाला.

दुपटं मांडीवर. चौथी कड आत्ता पूर्ण झाली. शेजारच्या बाईंकडे कात्री मागावी असं वाटलं, मग लक्षात आलं, तिचीही काढून घेतली असणार.

गाठ मारली. इकडेतिकडे पाहिलं. दोरा दातांत धरून तोडला.