मावशीच्या सपरीत आठ दिवस

माय, मी मावशीकडे आहे. दुपार आहे, मावशी म्हशीला पाणी पाजायला गेली आहे आणि मी घरापुढच्या सपरीतल्या खाटेवर पालथी पडून हे लिहिते आहे. आज आठवा दिवस. या आठ दिवसांत मी काहीही पाहिलेलं नाही. चोरखमाऱ्याचा तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर, थंडीत तिथं लांबलांबचे पक्षी उतरतात, ते पाहायला शहरातली माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. मी तलावाच्या पाळीवर एकदाही चढले नाही. उठते, चहा पिते, पुन्हा आडवी होते. सपरीच्या छपरावरच्या कवेलूंमधून उन्हाचे ठिपके खाली पडतात आणि दिवसभरात या भिंतीवरून त्या भिंतीवर जातात, तेवढं पाहते. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग एवढ्या दूर आली कायले?

तुला माहीत नाही ते आधी सांगते. मी नर्स झाले. नागपूरला एका दवाखान्यात सहा वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी उभ्यानेच गेली. बाबा पाच वर्षांपूर्वी गेले, ते तुला कदाचित माहीत असेल. लहान्या भावाला रायपूरला काम मिळालं, त्याचं बरं चाललं आहे. मग परत जायला घर म्हणावं असं काही राहिलं नाही, तेव्हा गेल्या दिवाळीनंतर मी नोकरी सोडली आणि पाठीवर एक सॅक घेऊन निघाले. तुला सॅक म्हणजे काय ते सांगावं लागेल. लाकडाची मोळी डोक्यावर न घेता पाठीवर बांधली तर कशी दिसेल, तसं. आपल्या गावच्या बायका दवनीवाड्याहून गोंदियाच्या बाजाराला जाऊन आल्या तरी चार दिवस त्याची गोष्ट सांगायच्या. आणि मी एकटी हंपीला गेले, बदामीला गेले, मदुराईची देवळं पाहिली, कन्याकुमारीला तीन बाजूंनी समुद्र पाहिला, आणि मग पूर्वेच्या किनाऱ्याने वर वर येत राहिले. पहिला महिना मी अधाशासारखी पाहत होते. दुसऱ्या महिन्यात यादीत लिहिलेलं पाहत होते. तिसऱ्या महिन्यात पाहणंही ड्यूटीसारखं झालं. सकाळी उठायचं, बूट चढवायचे, तिकीट काढायचं, मान वर करायची.

कोणार्कला ते पुरतं कळलं. समोर ते दगडी चाक, एक गाईड दहा माणसांना काहीतरी समजावून सांगत होता, मीही त्यांच्यात उभी होते. पण माझं लक्ष बाजूच्या झाडाखाली होतं. तिथं गवत कापणारी एक बाई डोक्याखाली चपला घेऊन झोपली होती. तोंडावर पदर, विळा बाजूला. एवढी गाढ झोप, की इतक्या माणसांच्या बोलण्याने तिचा पदरही हलत नव्हता. मी त्या बाईकडेच बघत राहिले. मला तिचा हेवा वाटला. गाईड पुढे गेला, माणसं गेली, मी तिथंच. त्या रात्री नागपूरकडे येणाऱ्या गाडीत बसले. पुढं वेरूळला जायचं होतं, तिकीटही काढलेलं होतं. सकाळी गाडी गोंदियाला थांबली, फलाटावर चहावाले ओरडत होते, आणि मी काही न ठरवता सॅक उचलली आणि उतरले. बाहेर एका जीपवाल्याने विचारलं, "कहाँ जाना है दीदी?" आणि माझ्या तोंडून चोरखमारा निघालं. तो हसला. म्हणाला, तिकडे इथून जीप जात नाही, तिरोड्यापर्यंत लोकल धरा, तिथून काळी-पिवळी जीप मिळेल.

माय, मी अकरा वर्षं इथं आले नव्हते. तू गेलीस त्या दिवशी मावशीने मला पोटाशी धरलं होतं, त्यानंतर आम्ही दोघी समोरासमोर आलो नाही. लग्नकार्याची निमंत्रणं यायची, मी ड्यूटीचं कारण सांगायची. का ते तू जाणतेस, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मी अंगणात उभी राहिले तेव्हा मावशी तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं, ओळखलं, सूप खाली ठेवलं. "वाळली वं तू," म्हणाली. बस, एवढंच. माझ्या पाठीवरची सॅक तिने स्वतः उतरवली आणि यात दगडं भरले काय म्हणून विचारलं. मग पाय धुवायला पाणी दिलं, गरम भात आणि लाखोरीच्या पाल्याची भाजी वाढली, आणि सपरीतली खाट दाखवून म्हणाली, झोप. मी झोपले. पहिले तीन दिवस मी नुसती झोपले. जाग आली की आवाज यायचे. कोणी शेजारीण विचारायची की पाहुणी कोण, मावशी हळू आवाजात सांगायची, बहिणीची पोरगी आहे, झोपली आहे, मग या. कोंबड्या सपरीत शिरल्या की ती हातातलं काम टाकून त्यांना हाकलायला यायची. एकदा डोळे किलकिले करून पाहिलं तर ती दारात उंबऱ्यावर बसलेली, माझ्याकडे बघत. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ही मनातल्या मनात म्हणत असेल, हिला बरी झोप लागते.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत भाजी निवडायला बसले. पाल्याचा ढीग मधे, ती त्या बाजूला, मी या बाजूला. मग मी विचारलं, माय शेवटची आली होती तेव्हा इथंच झोपायची का. मावशी म्हणाली, हो, याच खाटेवर, दोन दिवस. आठ दिवसांसाठी आली होती, तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. हे ती निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली. तू काय काय केलंस तेही तिने सांगितलं. दुपारी जेवून झोपायचीस आणि दिवेलागणीला उठून विचारायचीस, सकाळ झाली का. दोघी खूप हसायच्या. मावशीने डोक्याला तेल लावून दिलं तर तू बसल्या बसल्या झोपलीस. तुला झोपलेलं मी कधी पाहिलं होतं, ते मी आठवून पाहिलं. मी उठायची तेव्हा तू उठलेली असायचीस, मी झोपायची तेव्हा तू भांडी घासत असायचीस. भाताच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी बासी भात खाऊन निघायचीस, दिवसभर बांधीत गुडघाभर चिखलात वाकून, आणि संध्याकाळी तुझ्या हातापायांची बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली. एवढंच आठवलं.

मग मी ते बोलले. मावशी, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

तुलाही सांगायला हवं, कारण आता मला कळलं आहे की तुला ते कधी कळलंच नाही. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. तू जाताना सगळं समजावून गेली होतीस, तांदूळ कुठे, डाळ कुठे, आठ दिवसांचा प्रश्न आहे, अंग फार दुखून राहिलं म्हणून जाते. बाबा राईस मिलमधून रात्री यायचे. पाणी मी भरायचं, रांधायचं मी, लहान्याला शाळेत मी पाठवायचं. पहिल्याच दिवशी भात करपला आणि मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी वहीचं पान फाडलं आणि तुला लिहिलं: परीक्षा जवळ आली आहे. तू तिकडे आरामात झोपून आहेस. इथे आम्हाला कोण रांधून घालणार? तुला माझ्या अभ्यासाचं काही नाही. बांगडीवाला त्या बाजूला बाजाराला जायचा, त्याच्या हाती चिठ्ठी दिली. तुला वाचता येत नाही, ती कोणीतरी दुसरं वाचणार, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आयुष्यात तुला मी लिहिलेलं तेवढं एकच. त्याच साली आषाढात तू रोवणी करता करता बांधीत पडलीस आणि गोंदियाच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेलीस.

मावशी म्हणाली, "माहीत हाय मले. मीच वाचली ना."

मी म्हटलं, म्हणूनच मी इतकी वर्षं तुझ्यासमोर आले नाही.

तिने हातातला पाला खाली ठेवला. "आयक," ती म्हणाली. "मी चौथी शिकली, मनून तिनं चिठ्ठी माझ्याजवळ देली. मी आधी मनातल्या मनात वाचली. राग आला मले तुझा, खोटं नाई बोलत. पण ती माझ्या तोंडाकडं पाहून राहिली होती. पोरीनं पहिल्यांदा काही लिवलं मनून खूश होऊन. मंग मी तसं नाई वाचलं. मी सांगतलं, पोरगी मनते, माय, तुझ्याबिगर करमत नाई, आठवण येऊन राहिली, लवकर ये."

मावशी पुढे बोलली. "तू लिवलं तसं वाचलं असतं तं तिले राग आला असता. रागानं आणखी चार दिवस राहिली असती इथं. मी गोड करून वाचलं अन् ती उठून चालली. मी अकरा वर्षं तुले बोलावणं पाठवलं, पण स्वतः येऊन हाताले धरून आणलं नाई. काऊन नाई, समजलं आता?"

माय, तू परत आलीस ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. मी चुलीपुढे बसून फुंकते आहे, डोळ्यांत धूर गेला आहे. तू दारात उभी आहेस. पदरात बोरं आहेत, वाटेत वेचलेली. आणि तू हसते आहेस. तुझं ते हसू मला तेव्हा कळलंच नव्हतं. चिठ्ठी वाचून चिडून येशील असं वाटलं होतं, तर तू जत्रेहून आल्यासारखी. माझ्याजवळ आलीस, खरखरीत हातांनी माझं तोंड धरलंस आणि म्हणालीस, "आली ना मी?" मी मान सोडवून घेतली. पाणी भरायचं राहिलं आहे, असं म्हणाले. तू बोरं ताटलीत ठेवलीस, घागर उचललीस आणि गेलीस. त्यानंतरही आठवडाभर तू मधेच माझ्याकडे पाहून हसायचीस, मी पुस्तकात डोकं घालून बसायची. अकरा वर्षं मी समजत होते की तू माझ्या शब्दांनी दुखावून घरी आलीस आणि मोठ्या मनाने ते दाखवलं नाहीस. तू तर आनंदात आली होतीस. याने मला बरं वाटायला हवं. थोडं वाटतंही. पण जे मी लिहिलंच नव्हतं त्याच्यासाठी तू खाट सोडून आलीस, हे मनातून जात नाही.

मी मावशीला नर्स म्हणून समजावलं. तुझ्या अंगात रक्त नव्हतं, ते काही एका दिवसात झालं नव्हतं. अशा बायका मी रोज पाहिल्या आहेत, त्यांची खालची पापणी ओढली की आत पांढरंफटक दिसतं. औषध हवं होतं, आणखी सहा दिवस झोपून तुझं रक्त वाढलं नसतं. यात मावशीचाही दोष नाही, माझाही नाही. मावशी मान हलवत सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "रक्त नसतं वाढलं. पण झोप तं झाली असती."

ती उठली, भाजी धुवायला घेतली. जेवताना तिने माझ्या ताटात दोनदा भात वाढला आणि मला सांगितलं की वेरूळ कुठं पळून जात नाही, आठ दिवस राय. मी राहिले. तुझे राहिलेले दिवस मी भरून काढले असं काही मी म्हणणार नाही. एकीच्या झोपेने दुसरीचा शीण जात नाही. पण नंतरचे दिवस मी वेगळ्या तऱ्हेने झोपले. मावशी उंबऱ्यावर येऊन बसली की डोळे मिटून घेण्याऐवजी मी तिला तुझ्याबद्दल विचारायची. तुम्ही दोघी लहानपणी मोहाची फुलं वेचायला जायचात तेव्हा तू झाडाखाली झोपून जायचीस आणि टोपली मावशी भरायची, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. परवा तिने मोबाइलमधले माझे फोटो पाहिले. हंपीचे आठ-दहा पाहिले आणि पुरे म्हणाली, दगडंच दगडं आहेत. समुद्रापाशी मात्र थांबली. तुझ्या मायनं नाई पाहिला, म्हणाली, आणि मग बराच वेळ तो एकच फोटो धरून बसली.

उद्या सकाळच्या जीपने मी निघते आहे. मावशीने मुरमुरे आणि वड्या बांधून ठेवल्या आहेत, सॅकमध्ये जागा नाही म्हटलं तर तिने माझे बूट बाहेर काढले आणि हे पायात घालून जा म्हणाली. आता म्हशीच्या गळ्यातली घंटी ऐकू येते आहे, म्हणजे ती परत आलीच. हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. मावशीलाही दाखवणार नाही.

एक सांगायचं राहिलं. या तीन महिन्यांत गाडीत, धर्मशाळेत, खाणावळीत, जिथं जिथं कोणी बाई शेजारी बसली तिने विचारलं, एवढी एकटी फिरतेस, घरी कोण आहे? मी प्रत्येकीला सांगितलं की माय आहे. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, पहिल्यांदा तोंडातून गेलं आणि मग तेच सांगत राहिले. त्या विचारतात, काय करते तुझी आई? मी म्हणते, पुष्कळ केलं तिने, आता काही करत नाही. आराम करते.