दुसऱ्या यंत्रावर वाचलेली पानं

३ फेब्रुवारी

मुलीने वाचनाचं यंत्र आणून हातात ठेवलं. रंगीत पडदा, बोट लावलं की पान उलटतं म्हणे. "बाबा, अक्षर हवं तेवढं मोठं करा, डोळ्यांना त्रास नाही." आत एकच पुस्तक घालून दिलंय — लाकूडकामाचं, चित्रांसकट.

बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. ढिम्म! तिने करंगळी टेकवली तर लगेच उलटलं. जन्मभर रंधा मारून बोटांना घट्टे पडलेत. यंत्राला मी माणूस वाटतच नाही.

४ फेब्रुवारी

उजव्या हाताचं बोट पॉलिश पेपरने घासलं. सगळ्यात बारीक पेपरने, चांगलं गुळगुळीत होईपर्यंत. आता पान उलटतं — एकदम तीन-तीन! मुलीला फोनवर सांगितलं तर आधी हसली, मग रागावली. "बोट म्हणजे काय टेबलाचा पाय आहे का?"

७ फेब्रुवारी

रंगीत म्हणे! साग, शिसव, आक्रोड — सगळ्यांचे चेहरे सारखेच उतरलेले. शिसवाचं चित्र बघून मला वाटलं ओली वीट आहे. मुलगी म्हणते, असे पडदे जरा फिकटच असतात, उजेड वाढवा. वाढवायला गेलो तर अक्षरं आडवी झाली. ती उभी करेपर्यंत चहा गार.

त्यात पडद्यावर माशी बसली आणि पान उलटलं. माशीचं ऐकतं, माझं नाही.

१० फेब्रुवारी

आता नवीनच खूळ. उघडलं की विचारतं — दुसऱ्या यंत्रावर तुम्ही पान १४२ पर्यंत वाचलं आहे, तिथे जायचं का? अरे, मी आहे ३१ वर. दुसरं यंत्र आणू कुठून? 'नाही' दाबलं.

११ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आता पान १५० म्हणे. 'नाही' दाबायला गेलो, बोट 'हो'वर पडलं. माझं पान शोधण्यात सकाळ गेली.

१४ फेब्रुवारी

आज वाक्यांखाली निळ्या रेघा. मी मारलेल्या नाहीत. आणि मारायच्याच तर शहाणपणाच्या वाक्यांखाली तरी माराव्यात! 'सरस सढळ हाताने लावावा' — याच्याखाली रेघ. लाकडाचा सांधा नीट बसला असेल तर चिकटवायला सरस नावापुरता लागतो. हे मी धाकट्या मुलाला किती वेळा सांगितलं असेल.

त्याची आठवण झाली आणि जेवणावरचं मन उडालं. वर्कशॉप विकलं तेव्हापासून बोलत नाही. दुसऱ्या गावी कुणाच्या तरी कारखान्यात खिडक्या बनवतो. "मला एकदा विचारायचं होतं, मी चालवलं असतं," एवढं बोलून गेला तो गेला. माझे गुडघे बोलायला लागले होते, ते त्याला दिसले नाहीत. सुरुवातीला मी फोन करत होतो. उचलत नाही म्हटल्यावर सोडून दिलं. मलाही मान आहे.

१७ फेब्रुवारी

यंत्र दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने दोन मिनिटांत परत दिलं. "काका, ठणठणीत आहे. तुमच्याच खात्यावर आणखी कुणीतरी हे पुस्तक वाचतंय."

मुलीला गाठलं. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "खातं त्याचं आहे, बाबा. त्याने पुस्तक आधीच घेतलं होतं, मग पुन्हा कशाला घ्यायचं?"

"त्याला ठाऊक आहे?"

"मी सांगितलं होतं. तुम्ही कुठल्या पानावर आहात ते त्यालाही दिसतं."

डोकंच फिरलं! दोन शब्द बोलायला जीभ जड, आणि माझी पानं बघत बसतो? म्हातारा कुठे अडतोय, कुठे चुकतोय, घरबसल्या करमणूक! ६४ व्या पानावर बंद केलं आणि यंत्र खणात टाकलं.

१९ फेब्रुवारी

वाचलं नाही.

२१ फेब्रुवारी

मुलगी म्हणते, वेगळं खातं काढून देते. नको म्हटलं. यंत्रच घेऊन जा. "रविवारी येते," म्हणाली, आवाज पडलेला. तिचा काय दोष? उगाच तिच्यावर खेकसलो.

घर फार शांत आहे. खणापाशी दोनदा जाऊन आलो. उघडला नाही. निळ्या रेघा कुठवर पोचल्या असतील कोण जाणे. आक्रोडाचं प्रकरण त्याला आवडेल, पॉलिशमध्ये त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. हे त्याला कधी म्हटलं नाही, आता तर बोलणंच नाही. वाईट वाटतं. राग त्याहून जास्त येतो.

२३ फेब्रुवारी

सकाळी फोन वाजला. धाकटा. हॅलो नाही, कसे आहात नाही. "बाबा, तुमचं पान चौसष्टवरून हललं नाहीये. तब्येत बरी आहे ना?"