चांदीच्या पेल्यातलं पाणी

४ मार्च

चि. बेबीस अ. आ.

तुझी वहिनी जाऊन दीड महिना झाला. मी दोन्ही वेळा जेवतो, तेव्हा तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

मी माझे पेले विकायला काढतो आहे. जुने, इंग्लंडात घडलेले, स्टर्लिंग चांदीचे एकोणीस नग. प्रत्येकावरचा शुद्धतेचा सिंहाचा ठसा भिंगाखाली तपासून घेतलेला. हातमोज्यांशिवाय मी कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या दिवशी तिनं त्यातल्या लहान पेल्यातून पाणी मागितलं. मला वाटलं, तापात बरळते आहे. शिवाय औषधाचे डाग पडले असते. मी काचेच्या ग्लासातून दिलं. दोन घोट घेतले आणि संध्याकाळी गेली. आता ते कपाट बघवत नाही.

आपल्या नेहमीच्या दुकानदाराला मात्र देणार नाही. आतला सोन्याचा मुलामा उडालेला माल त्यानं माझ्या गळ्यात मारला, आणि तसं मी त्याला तोंडावर सुनावलंय.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आधी सगळं वाच, मग हवा तेवढा रागाव. दर गुरुवारी तू कामावर गेलास की मी वहिनीकडे यायचे आणि आम्ही तुझ्या पेल्यांतून लिंबूपाणी प्यायचो. लहान पेला तिचा, कान असलेला मोठा मग माझा. ती तुझ्यासारखा चष्मा नाकावर ओढून मला हात धुवून यायला सांगायची. हसून हसून पोट दुखायचं. मुलामा आमच्या लिंबानं गेला, त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नकोस.

या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओठाला लावून बघते, असं ती म्हणायची. तिची हौस पुरी झाली होती, दादा. मनाला लावून घेऊ नकोस, आणि विकूही नकोस.

तुझी बेबी

१९ मार्च

चि. बेबीस अ. आ.

दुकानदाराची माफी मागून आलो. त्यानं माफ केलं आणि लगेच एक चांदीचा मग दाखवायला काढला. पेले विकत नाही.

तुझं पत्र वाचून कितीतरी दिवसांनी हसलो. मग कळलं, ती बरळत नव्हती. इतकी वर्षं तिनं तो पेला माझ्यापासून चोरून वापरला. त्या दिवशी उठवेना, म्हणून पहिल्यांदाच माझ्याकडे मागितला, आणि मी दिला नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा दादा