वरून पाणी

मु. खैरटेक, ता. केळापूर, जि. यवतमाळ
रविवार, ६ जानेवारी १९६३

प्रिय कमलाकर,

सप्रेम जयभीम, आणि तुझ्या सवयीचा नमस्कारही.

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. पोस्टमनने ते भर वर्गात आणून दिलं तेव्हा 'गुरुजी, लढाईवरून आलं का?' म्हणून पोरांनी नुसता गलका केला. उत्तराला उशीर का झाला याची कारणं सांगायची तर पुष्कळ आहेत. कापूस वेचायचे दिवस, निम्मी शाळा वावरात, आणि त्यांना गोळा करायला मीही वावरात. झालंच तर टाक मोडला, शाई संपली. जाऊ दे. माझ्या सबबी तुला आठवीपासून पाठ आहेत.

ढाणकीचं पाणी मानवलं का? सुनीती वहिनींना नव्या जागी करमतं का? सदाशिवकाकांचा दमा थंडीत उचल खातो, त्यांना जपा. इकडे आई बरी आहे. नजर गेली, जीभ जागेवर आहे. दीक्षा घेतली, धर्मपाल झालो, त्याला सहा वर्षं झाली, पण तिच्या तोंडी अजून उकंडाच. मी चिडलो की म्हणते, 'त्याच नावानं तू जगला ना रे, मंग मी कायले सोडू?' लेक जया आता बरी आहे. 'आता' का म्हटलं ते पुढे येईल.

आधी शाळेचं सांगतो, तुला आवडेल. पोरं आता थुंकीने पाटी पुसत नाहीत. प्रत्येकाच्या पाटीला ओलं फडकं बांधलंय. दुसऱ्याची पेन्सिल तोंडात घातली की तासभर उभं राहायचं. शिंक आली तर तोंडावर फडकं, ताप आला तर मुक्काम घरी. तांड्यावरचा धनसिंग नाईक परवा म्हणाला, "गुरुजी, पैले पोरं शाळेत नाही आले म्हणून तुमी ओरडत व्हते, आता आले म्हणून ओरडता. आमी करावं तरी काय?" मला हसू आवरेना. पण खरूज निम्म्यावर आली, आणि यंदाच्या थंडीत डोळे आलेलं एकही पोर वर्गात बसलेलं नाही. ही सगळी तू सांगितलेली कामं. तू सांगितलीस तेव्हा केली नाहीत, एवढंच.

गिलासाचं काय झालं, असं विचारशील. थांब. तिथे मला एकदम पोचता येत नाही.

तुझ्या पत्रातला मजकूर मला तोंडपाठ झालाय. 'मी शाळेत शिवाशिव परत आणतो, असा पालकांच्या नावाने कोणी तरी वर अर्ज घातला. त्यावरून ही बदली. एकवीस तारखेला यवतमाळला चौकशी आहे, नोकरीवर बेततं की काय कळत नाही. तू माझ्याबद्दल चार ओळी लिहून दे. तू मला लहानपणापासून ओळखतोस.' ही शेवटची ओळ वाचली आणि पत्र हजेरीपटात ठेवून दिलं. ते रोज सकाळी नावं घेताना दिसतं.

तर तो गिलास. मी नोकरीला लागलो त्या वर्षी पांढरकवड्याच्या बाजारातून पितळी गिलास आणला आणि साखळीने शाळेच्या रांजणाला बांधला. गिलास एक, पोरं सगळी. पाटलाच्या घरची, तांड्यावरची, आमच्या वस्तीतली. तीन महिने गावची पोरं तहान लागली की घरी पळत. मग एका दुपारी पाटलाच्या थोरल्या नातवाला दम निघाला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गिलासाला तोंड लावलं. त्या दिवशी घरी जाऊन मी रडलो, आणि हे पहिल्यांदा तुलाच पत्राने कळवलं. हायस्कुलात शिपाई मला तोंड फिरवून वरून पाणी घालायचा, निम्मं पाणी सदऱ्यात जायचं, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणी पाहिलं होतं?

गेल्या पोळ्यानंतर तू इन्स्पेक्टर म्हणून शाळा तपासायला आलास. मला केवढा आनंद झाला होता. पोरांची नखं पाहिलीस, डोकी पाहिलीस, सगळं छान चाललं होतं. आणि रांजणापाशी थांबून पोरांदेखत म्हणालास, "गुरुजी, हा गिलास आधी काढा. सगळ्यांना वरून पाणी द्या, ओंजळीत."

वरून पाणी! त्या दोन शब्दांच्या पुढचं माझ्या कानात काहीच शिरलं नाही. पांढरकवड्यात घटसर्पाचा रोगी सापडलाय, तो उष्ट्यातून पसरतो, हे तू सांगत होतास म्हणे. चौथीच्या पोरांना ते आठवतं, मला नाही. मी एवढंच म्हणालो, "कमलाकर, शेवटी तुझ्याही तोंडून हेच निघालं." तुला वाटलं मी थट्टा करतोय. तू हसलास. ते हसू मला फार लागलं. तू गेल्यावर मी गिलास मुद्दाम चिंच लावून घासला आणि पुन्हा साखळीला बांधला.

दिवाळीनंतर शाळा उघडली. धनसिंगची नात जमनी घसा धरून आली. "दुखून राह्यला, गुरुजी." मी म्हटलं, पाणी पी, बरं वाटेल. ती प्यायली. तिच्यामागे आमची जया उभी होती. जमनीच्या हातातला गिलास घेऊन मीच तो भरला आणि जयाच्या हातात दिला. धुतला नाही. धुवायचा म्हणजे जमनीचं उष्टं मानायचं, आणि माझ्या शाळेत कोणाचं उष्टं मानायचं नाही, असा माझा नियम होता.

चार दिवसांनी जयाची मान सुजली, घशात पांढरट पडदा दिसायला लागला. जमनीने तोवर अंथरूण धरलंच होतं. धनसिंगने छकडा जुंपला, दोघी पोरींना एका गोधडीत घेतलं. पांढरकवड्याला एका सरदार ट्रकवाल्याने आम्हाला बसवून घेतलं आणि यवतमाळच्या दवाखान्याच्या दारात उतरवलं. वाटभर जयाच्या श्वासाची घरघर मला ट्रकच्या आवाजातही ऐकू येत होती. धनसिंग दोघींवरची गोधडी सारखी करत होता. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोघी वाचल्या. जमनी लवकर उठली. जयाची टाळू मात्र महिनाभर लुळी होती. पाणी प्यायली की नाकातून बाहेर यायचं. तिला त्याची गंमत वाटायची, मला तिच्याकडे बघवायचं नाही.

तिथे रुखमाबाई म्हणून नर्स आहेत, आमच्याच समाजाच्या. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेत पोरं पानी कायनं पेतात?" मी मान वर करून सांगितलं, सगळे एकाच गिलासाने. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आजपासून वरून देत जा. ओंजळीत."

तुझेच शब्द, कमलाकर. अक्षर इकडचं तिकडे नाही. तुझ्या तोंडावर जे फेकलं ते बाईंच्या तोंडावर मला फेकता येईना. मी व्हरांड्यात जाऊन बसलो आणि तू त्या दिवशी आणखी काय काय बोलला असशील ते आठवायचा प्रयत्न करत राहिलो.

घरी आल्यावर आईला सांगितलं की आता शाळेत पुन्हा वरूनच पाणी द्यायचं. म्हटलं, ही आता आकाशपाताळ एक करणार. ती गहू निवडत होती, हाताने चाचपून. म्हणाली, "म्या त जनमभर वरूनच पेली. पान्याचं काई वाईट नाही वाटलं मले. वाढणारा तोंड फिरवून वाढे ना, थ्याचं वाटे."

बस, एवढंच बोलली. मी आठवीपासून अठरा वर्षं गिलासामागे धावलो आणि ही बाई एका वाक्यात मोकळी झाली!

आता शाळेत लांब दांड्याचं ओगराळं आहे. पाणी घालायची पाळी रोज एकाची, हजेरीपटाच्या क्रमाने. घालणाऱ्याने हात धुवायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, नाव घ्यायचं आणि 'अजून पाह्यजे का?' विचारायचं. ओंजळ मात्र सगळ्यांनी धरायची. पहिल्याच दिवशी पाटील काठी आपटत शाळेत आले. "गुरुजी, माह्या नातवानं ओंजळ काहून धरावं? आमी काय तसे हाव का?"

मी विचारलं, "तसे म्हणजे कसे, पाटील?"

पाटलांनी पागोटं सारखं केलं. तेवढ्यात जयाने ओगराळं भरून विचारलं, "आजोबा, तुमाले पाह्यजे का?" उन्हातून आले होते बिचारे. ओंजळ पुढे केली. मग मीही केली. हायस्कूल सोडल्यापासून मी ओंजळीने पाणी प्यायलो नव्हतो. निम्मं सांडलं. जया माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, बोटं जुळवा ना नीट." पोरं हसली, मीही हसलो.

आता ते लिहितो, ज्याला सतरा दिवस लागले. तो अर्ज मी घातला.

पालकांना त्यातलं काही माहीत नाही. तू येऊन गेलास त्याच्या पुढच्या सोमवारी मी पांढरकवड्याला गेलो आणि कचेरीपुढच्या अर्जनविसाकडून तो लिहून घेतला. स्वतः लिहिला नाही, कारण माझं अक्षर तू ओळखतोस. खाली 'समस्त पालक, खैरटेक' असं घातलं. एवढी अक्कल रागातही शाबूत होती, म्हणजे तो नुसता राग नव्हता. मला तुला दुखवायचं होतं.

आणि हे कोणाला? आठवीत ज्याने घरून तांब्या आणला, आधी स्वतः तोंड लावून प्यायला, मग माझ्या हातात दिला, आणि माझं उष्टं पुन्हा सगळ्यांदेखत प्यायला त्याला. तुझ्या घरी काकूंनी तो तांब्या विस्तवात घातला आणि तुला दिवसभर उपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलास तो 'आज तांब्या काळा आहे' म्हणत, आणि पुन्हा तोच पुढे केलास. मी कसा विसरलो रे हे? आता इन्स्पेक्टर होऊन तू म्हणशील, आरोग्याच्या दृष्टीने तेही चुकलंच. म्हण बाबा.

माझी चूक मला नोव्हेंबरातच कळली होती. तरी गप्प बसलो. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त भ्यालो ते एका वाक्याला. लोक म्हणतील, बघा, यांना शिकवून गुरुजी केलं तर हे असे खोटे अर्ज करतात. माझ्या एका पापापायी उद्या माझ्या वस्तीतल्या पोराला नोकरी नाकारतील, असं वाटलं. त्या भीतीच्या आड मी दोन महिने लपलो आणि तू तिकडे बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडत होतास.

काल वरच्या कचेरीला रजिस्टर्ड कागद धाडला. माझ्या अक्षरात, माझ्या नावाने, सगळं जसंच्या तसं. एकवीसला मी यवतमाळला येतोय. तू चार ओळी मागितल्यास, मी समोर उभा राहून बोलणार आहे. रुखमाबाईही यायला तयार आहेत. धनसिंग म्हणतो छकडा जुंपतो. माझं काय व्हायचं ते होवो. आईला सांगितलं तर म्हणाली, "जाय. पन पोटभर जेवून जाय."

माफ कर, असं लिहायला बसलो आणि तीनदा खोडलं. करायचं की नाही ते तू ठरव. जमनी आणि जया एका रांगेत बसून पाणी पितात, नाकातून एक थेंब येत नाही, हे तू बघावंस असं मात्र फार वाटतं. त्या पोरी तुझ्या शब्दाने वाचल्या असत्या. पुढच्या पोरी तुझ्याच शब्दाने वाचतील.

चौकशी आटोपली आणि तुझ्या मनाला आलं तर एकदा खैरटेकला ये. रांजणापाशी मी ओंजळ धरून उभा राहीन. तू वरून पाणी घाल. फक्त माझ्याकडे बघून घाल.

या वेळी खाली नाव घालतो, पूर्ण.

तुझा उकंडा,
धर्मपाल नागोराव मुनेश्वर
शिक्षक, प्राथमिक शाळा, खैरटेक