काच नवीच होती

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत कॉलेजचा फॉर्म आणि चार पानी पत्र. फॉर्मवर मी अजून सही केलेली नाही. का केली नाही ते सांगते, पण त्याआधी बरंच सांगायचंय, आणि ते तुझ्या आईबद्दलचं आहे. फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला. फोनवर तू मध्येच काहीतरी बोलून मला हसवतेस आणि माझं राहून जातं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं लिहायला तीन दुपारी लागल्यात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आणि बसून वाच. उभ्याउभ्या वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, माझ्याकडूनच उचललीस ती.

तपासणीच्या रंगानं बोटं जांभळी झालीत, साबणानं जात नाहीत, पोरी चिडवतात, असं लिहिलंयस. जाणार नाहीतच. नखं वाढतील आणि कापली जातील तेव्हाच ती जातील. माझी सहा वर्षं लाल होती. वाण्याकडे पैसे पुढे केले की तो बोटांकडे बघून दचकायचा, मी म्हणायचे, घाबरू नका, खून नाही केला कुणाचा. तू वर्गात सगळ्यांना सांगतेस म्हणे की माझी आत्या दवाखान्याच्या लॅबमध्ये होती, तिच्यामुळे मी हे शिकायला आले. मी काही मोठी नव्हते गं तिथे. काचा मांडायच्या, काचा धुवायच्या, फरशी पुसायची. मायक्रोस्कोपला मी दुर्बीण म्हणते म्हणून तू हसतेस, हस. पण त्या दुर्बिणीतून मी पाहिलंय, आणि लाल रंगाची ती तपासणी तू आत्ता शिकतेस ती मला पाठ होती.

आमच्या लॅबमध्ये जे साहेब होते त्यांना आम्ही मागून सावकाशराव म्हणायचो. त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नसायचा. बेडका काचेवर पसरायचा, सावकाश. वाळू द्यायचा, सावकाश. मग वरून लाल रंग ओतून खालून दिव्याची आच द्यायची, वाफ निघाली पाहिजे पण उकळी येता कामा नये, आणि पाच मिनिटं तिथेच उभं राहायचं. मग ॲसिड, म्हणजे बाकी सगळ्याचा लाल रंग उतरतो. मग निळा रंग. टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणासारखा थर असतो, त्यात एकदा लाल शिरला की ॲसिडलाही दाद देत नाही. निळ्या चिखलात लाल बारीक काड्या पडल्यासारख्या दिसतात. पहिल्यांदा साहेबांनी मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, एवढंसं हे, आणि माणसं मारतं? ते म्हणाले, बाई, एवढंसं आहे म्हणूनच मारतं. मला त्यांचा संथपणा सोसायचा नाही. दिवसाला चाळीस काचा. मी तोंडावर म्हणायचे, साहेब, तुमचं होईस्तोवर जंतू म्हातारे होऊन मरतील. ते हसायचे. रागवायचे एकाच गोष्टीवरून.

ती गोष्ट तू तुझ्या पत्रात लिहिली आहेस. सहज लिहिलीस, नवीन शिकल्याच्या हौसेनं. या तपासणीला काच कायम नवीकोरी घ्यायची, धुतलेली जुनी चालत नाही, कारण आधीच्या रोग्याचे जंतू ओरखड्यात चिकटून राहतात आणि कितीही घासलं तरी निघत नाहीत. खाली लिहिलंयस, आत्या, तुमच्या वेळीही हाच नियम होता का गं?

होता. साहेबांनी मला तीनदा बजावलं होतं. लाल निघालेली काच पेटीत ठेवायची, महिन्यानं वरचा तपासनीस बघून गेला की जंतू मारायच्या औषधाच्या डब्यात टाकून फोडायची. पण नव्या काचांची खोकी स्टोअरमध्ये, किल्ली स्टोअरवाल्या बाईकडे, आणि ती जेवायला गेली की तासभर उगवायची नाही. मग चिठ्ठी, मग सही, मग तिचं पुराण. कोण ताटकळणार तिच्या दारात? मी फोडायच्या काचांतल्या बऱ्या दिसणाऱ्या बाजूला काढायचे, सोड्यात उकळायचे, घासायचे, लखलखीत करायचे. नव्या कमी पडल्या की त्या मांडायचे. उजेडात धरून बघायचे, डाग नाही ना, मग झालं तर. कुणाला काही होत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. त्या काचांवर कुणाकुणाचं काय झालं असेल, ते आता मोजायलाही मी धजत नाही. एकाचंच मला ठाऊक आहे.

तू आठ महिन्यांची होतीस. तुझी आई घरी शिवणकाम करायची, कापडाची कतरण, तंतू, सगळं नाकातोंडात जायचं, आणि तिला खोकला धरला होता. तीन आठवडे झाले तेव्हा मीच म्हटलं, दवाखान्यात बेडक्याची डबी देऊन ये, खोकत काय बसलीस. ती आली, डबी देऊन गेली. डब्यांवर नंबर असतात, नावं नसतात. त्या दिवशी नव्या काचा सातआठ कमी होत्या. दुपारी साहेब दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, बाई, यात लाल काड्या दिसतायत, मोजून नऊ, पण बेडक्याच्या थरात नाहीत, थराच्या खाली आहेत, काचेलाच चिकटल्यासारख्या. ही काच नवी होती ना? मी बादली घेऊन उभी होते. मी म्हटलं, नवीच होती. वर म्हटलं, तुम्हाला माझ्यावर भरवसा नसेल तर काचाही तुम्हीच मांडत जा. ते बिचारे वरमले. त्यांनी रजिस्टरात नऊ काड्या लिहिल्या.

तेव्हा मला माहीत नव्हतं तो नंबर कुणाचा. खरं सांगते, नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद घेऊन तुझा बाप घरी आला, त्यावर नंबर होता, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी आणखी दोन डब्या मागवल्या, त्या दोन्ही स्वच्छ निघाल्या. पण ते म्हणाले, एकात दिसलंय, तान्हं मूल अंगावर पितंय, औषध चालू करूया. तिला घराबाहेर काढा असं ते म्हणाले नव्हते. ते घरात ठरलं. तुझी आजी घाबरली, तुझा बाप कागदाच्या घड्या घालत बसला. आणि सगळे माझ्याकडे वळले. तू दवाखान्यातली, तुला कळतं, तू सांग हिला घरात ठेवायची का. भिंगरी, ती काच जुनी होती हे त्या खोलीत एकटी मी जाणत होते. तुझी आई खिडकीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, वन्सं आता काहीतरी बोलतील म्हणून. मी बोलले. मी म्हटलं, काड्या लाल निघाल्यात, साहेबांनी स्वतः मोजल्यात, तिला माहेरी पाठवा, बाळाला मी बघते.

भीतीनं म्हटलं असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आले. नोकरी जाईल, साहेबांसमोर तोंड कसं दाखवू. ती भीती होतीच. पण तेवढीच नव्हती. मी सासर सोडून आलेली, मूलबाळ नसलेली. त्या घरात मला भाकरी होती, पण कुणाला मी लागत नव्हते. तू मात्र आईला सोडून कुणाकडे जायची नाहीस, माझ्याकडे आलीस की दोन मिनिटांत हात पसरून तिच्याकडे झेपावायचीस. ती गेली त्या दिवशी तू संध्याकाळपर्यंत रडलीस आणि मग दमून माझ्या खांद्यावर झोपलीस. मला बरं वाटलं. हे वाक्य दोनदा खोडलं, पण लिहिलं. आठवड्यानं मी पेटीतून ती नंबरची काच काढली आणि तपासनीस यायच्या आत फोडून टाकली. महिन्याभरात कपडे धुण्याच्या विभागात बदली मागून घेतली. तू विचारायचीस, आत्या, एवढी चांगली लॅब सोडून चादरी का धुवायला लागलीस? मी म्हणायचे, तिथले वास सोसेनात.

औषधाचा कोर्स पुरा करून तुझी आई परत आली होती. हे तुला कुणी सांगितलेलं नाही. तू तेव्हा दीड वर्षांची. ती दारातच उभी राहिली, आजीनं तिला वेगळ्या पेल्यात पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही. म्हणाली, वन्सं, मी आत येत नाही, नुसतं बाळाला द्या थोडा वेळ. तू तिला ओळखलं नाहीस, माझ्या मानेला मिठी मारून किंचाळायला लागलीस. मी तुला एकदा खाली ठेवलं असतं, तुझे हात सोडवले असते, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. मी उलट तुला घट्ट धरलं. तिनं पुढे केलेले हात मागे घेतले. मग म्हणाली, राहू द्या, रडवू नका तिला. आणि गेली. तू शाळेत जायला लागल्यावर आई कुठे आहे विचारलंस तेव्हा तुला टाकून गेली असं आजीनं सांगितलं, आणि मी शेजारी भाजी चिरत होते.

आणि ते वाढदिवसाचे ड्रेस. दरवर्षी खाकी कागदात गुंडाळून यायचे, वर चिठ्ठी असायची, बाळासाठी. चिठ्ठी मी चुलीत घालायचे आणि ड्रेस मी आणला म्हणून तुला द्यायचे. प्रत्येक ड्रेस एक माप मोठा. तू वैतागायचीस, आत्या, तुला माझं माप कधी कळणार? मी खालची दुमड घालून द्यायचे. खिसे असलेला तो निळा, होस्टेलला जाताना सगळ्यात आधी बॅगेत कोंबलास तो, तोही तिनंच शिवलाय. शिवण उलटी करून बघ, असले बारीक टाके मला जन्मात आले नसते.

तिला टीबी नव्हताच असं शपथेवर कुणी सांगू शकणार नाही, ती काचही आता नाही. पण तू शिकतेस, तूच ठरव. दोन डब्या स्वच्छ, एका काचेवर नऊ काड्या, त्याही थराखाली, आणि काच मी घासलेली.

आता फॉर्म. आईचं नाव या रकान्यापुढे तू पेन्सिलीनं लिहिलंयस, आत्या, इथे तुझं घालू ना? वाढवलंस तू, जिनं टाकलं तिचं कशाला. म्हणून हे पत्र. तिनं तुला टाकलं नव्हतं गं, मी तुला ठेवून घेतलं होतं. पेन्सिल खोडून फॉर्म परत पाठवतेय, पालकाच्या जागी तुझ्या बापाची सही आहे. त्याला काल सगळं सांगितलं. तो ऐकून उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला, तासाभरानं आला आणि सही केली. रकाना कोरा आहे, तो मी भरणार नाही. फॉर्मच्या मागे तिचा पत्ता लिहिलाय. बसस्टँडच्या मागे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वर, लोखंडी जिना. खाली शिवणयंत्राचा आवाज ऐकू येतो म्हणतात. तिलाही पत्र टाकलंय. त्यात जास्त काही नाही, काच जुनी होती एवढं, आणि तू काय शिकतेस ते. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, तू उत्तर लिही असंही नाही. तिथे गेलीस तर मात्र पहिल्यासारखी घाई करून निघू नकोस. हात थोडे वर करून सरळ उभी राहा आणि तिला तुझं माप घेऊ दे. इतकी वर्षं ती अंदाजानं शिवतेय.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
आत्या